सारखा, समान, सदृश, निगडित: साम्य आणि नाते सांगणाऱ्या शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुद्रितशोधन करताना, शिकवताना आणि घरीही ज्या शंका पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची ही उत्तरे. मराठीत ‘तोच’पासून ‘त्याच्या नात्यातला’पर्यंत साम्याच्या कितीतरी पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीला स्वतःचा शब्द आहे. अलीकडे मात्र या सगळ्यांच्या जागी एकटा ‘समान’ किंवा ‘सेम’ बसवला जातो आणि आपण नेमके काय म्हणतो आहोत ते धूसर होते. म्हणून काही उत्तरे जरा विस्ताराने दिली आहेत.

‘सारखा’ आणि ‘समान’ यांत फरक आहे का?

आहे. ‘सारखा’ पाहून, अनुभवून ठरतो. ‘समान’ मोजून किंवा तत्त्व म्हणून ठरतो. ‘दोघी बहिणींचे डोळे सारखे आहेत’ हे सहज मराठी आहे. ‘दोघी बहिणींचे डोळे समान आहेत’ असे कुणी बोलत नाही. उलट ‘कर्ज बारा समान हप्त्यांत फेडा’, ‘समान कामाला समान वेतन’ इथे ‘समान’ नेमका बसतो, कारण तिथे रक्कम किंवा हक्क तोलला जातो आहे.

‘सारखा’ची धाव मोठी आहे. ‘भाकरीचे सारखे वाटे कर’ म्हटले की त्यात मोजमापही येते. ‘समान’ला मात्र ‘सारखा’ची सगळी कामे जमत नाहीत. खरेदीच्या ॲपवर एखादी चप्पल पाहिली की खाली ‘समान उत्पादने’ असा मथळा दिसतो. त्या चपला एकमेकींशी समान नसतात, किंमत वेगळी, चामडे वेगळे. तिथे ‘यासारख्या आणखी वस्तू’ हवे. हा ‘समान’ हिंदीच्या वळणाने आला आहे आणि तो अडवायला हवा असे मला मनापासून वाटते.

व्याकरणाचा फरक सोपा आहे: ‘सारखा’ लिंग-वचनाप्रमाणे बदलतो (सारखा, सारखी, सारखे, सारख्या), ‘समान’ बदलत नाही.

‘सारखा’चे एवढे वेगवेगळे अर्थ कसे?

हा मराठीतला फार कष्टाळू शब्द आहे. संस्कृत ‘सदृक्ष’, प्राकृत ‘सारिक्ख’ अशी त्याची वाट. जुन्या मराठीत तो ‘सारिखा’ होता. आज तो किती ठिकाणी राबतो ते बघा.

‘तो वडिलांसारखा बोलतो’ यात साम्य आहे. ‘तो सारखा बोलतो’ यात सातत्य आहे, तोंड बंद होत नाही. ‘चादर सारखी कर’, ‘तिने पदर सारखा केला’ यात नीट, सपाट, जागच्या जागी आणणे आहे. ‘पाहण्यासारखा किल्ला’, ‘सांगण्यासारखं काही नाही’ यात योग्यता आहे. ‘ताप आल्यासारखं वाटतंय’ यात नुसता भास आहे, थर्मामीटर अजून लावलेला नाही. ‘हसल्यासारखं केलं’ यात वरवरचेपणा आहे. आणि दारात आलेल्या पाहुण्याला आपण म्हणतो, ‘आल्यासारखे दोन घास खाऊन जा’. इथे साम्याचा मागमूसही नाही, ‘आलाच आहात तर’ एवढाच अर्थ आहे. परभाषकाला मराठी शिकवताना हे वाक्य समजावून सांगायला सर्वांत वेळ लागतो.

या अर्थांमुळे कधी घोटाळा होतो. ‘ते दोघे सारखे भांडतात’ याचा अर्थ सतत भांडतात असाच घेतला जाईल. दोघांची भांडायची पद्धत एक आहे असे सांगायचे असेल तर ‘सारख्याच पद्धतीने’ असे उघड लिहा.

‘सारखा’ऐवजी ‘प्रमाणे’ लिहिले तर चालते का?

नेहमी नाही. ‘प्रमाणे’मध्ये ‘तसेच, त्याबरहुकूम’ असा भाव आहे: ठरल्याप्रमाणे, नेहमीप्रमाणे, नियमाप्रमाणे. माणसांची तुलना करताना तर जपून. ‘तो तुमच्यासारखा हुशार नाही’ म्हणजे तुम्ही हुशार आहात, तो नाही. ‘तुमच्याप्रमाणे तोही हुशार नाही’ म्हणजे दोघेही नाहीत. सत्काराच्या भाषणात हा एक शब्द चुकला तर समोरचा दुखावतो.

‘तोच’ आणि ‘तसाच’ यांत लोक गल्लत करतात. साधा नियम काय?

‘तोच’ म्हणजे ती एकच वस्तू. ‘तसाच’ म्हणजे त्या प्रकारची दुसरी.

येवल्याला पैठणीच्या दुकानात उभे आहात अशी कल्पना करा. ‘काल बाजूला काढून ठेवलेली तीच दाखवा’ म्हटले तर दुकानदार ती ठरावीक घडी शोधेल. ‘तशीच दाखवा’ म्हटले तर काठ, पदर आणि पोत जुळणारी दुसरी काढेल. ‘त्याच रंगाची’ म्हटले तर रंग कायम राहील, पदरावर मोर असतील किंवा कमळे. ‘तेवढ्याच किमतीची’ म्हटले तर बाकी सगळे बदलू शकेल. हातमागावरच्या दोन पैठण्या तंतोतंत एक नसतात, त्यामुळे तिथे ‘तीच’ आणि ‘तशीच’ यांतला फरक पैशांचाही असतो.

‘आम्ही दोघींनी एकच साडी घेतली’ हे वाक्य बोलण्यात चालून जाते, पण लिहिताना ‘एकसारखी’ किंवा ‘सारखीच’ करावे. एकच घेतली तर दोघी ती पाळीपाळीने नेसणार.

‘जितका-तितका’ आणि ‘जेवढा-तेवढा’ बहुतेक ठिकाणी अदलाबदल करून चालतात. ‘जसा-तसा’ मात्र फक्त प्रकार किंवा रीत सांगतो, परिमाण नाही.

‘असला’, ‘तसला’ हे ‘असा’, ‘तसा’चेच रूप आहे ना?

अर्थ जवळचा, सूर वेगळा. ‘असा माणूस’ कौतुकाचा असू शकतो. ‘असला माणूस’ म्हणताना नाक मुरडलेले असते. ‘तसल्या लोकांत बसू नकोस’ यातला ‘तसल्या’ काढून ‘तशा’ घातला तर आईच्या बोलण्यातला धाक निम्मा होतो. बातमीत किंवा अहवालात ‘असला’ टाळा.

‘सदृश’ कुठे वापरायचा? ‘सारखा’चा तो फक्त जड पर्याय आहे का?

नाही. ‘सदृश’ म्हणजे दिसते तसे, पण तेच आहे असे ठरलेले नाही. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण शेतकऱ्याला पाठ आहे: दुष्काळसदृश परिस्थिती. २०२३च्या खरिपात राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्याबाहेरच्या हजाराहून अधिक महसुली मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर झाली. तिथेही जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी आणि गरजेप्रमाणे टँकर अशा सवलती लागू झाल्या. म्हणजे ‘सदृश’ हे शेपूट लागले की गाव कोणत्या यादीत बसते ते ठरते.

डॉक्टरांच्या तोंडी ‘डेंग्यूसदृश ताप’ येतो तो याच अर्थाने: लक्षणे तशी आहेत, तपासणीचा निकाल आलेला नाही. घरगुती बोलण्यात ‘लाडूसदृश पदार्थ’ म्हणू नका, तिथे ‘लाडवासारखा’ आहेच.

‘सम’पासून बनलेले शब्द इतके आहेत की गोंधळ होतो. कसे लक्षात ठेवायचे?

‘सम’च्या पुढे जे येते ते दोन्हीकडे एक असते, एवढे धरून चाला. भूगोलात समताप रेषा एकाच तापमानाची ठिकाणे जोडते, समदाब रेषा एकाच वायुदाबाची, समोच्च रेषा एकाच उंचीची. रसायनशास्त्रात समस्थानिके म्हणजे आवर्तसारणीत एकाच स्थानी बसणारी. कार्बन-१२ आणि कार्बन-१४ या दोघांच्याही केंद्रकात ६ प्रोटॉन, फरक न्यूट्रॉनच्या संख्येत. माणसांत समवयस्क, समकालीन, समविचारी.

‘सह’ म्हणजे सोबत. सहाध्यायी एकत्र शिकतात, त्यांचे वय सारखे असेलच असे नाही. सहोदर एका उदरातून जन्मलेले. ‘स’ने सगोत्र, सजातीय असे शब्द होतात, त्यात गट एक असल्याचे सांगितलेले असते.

भूमितीतले ‘समरूप’ आणि ‘एकरूप’ मुलांना कसे समजवावे?

एकरूप आकृत्या एकमेकींवर ठेवल्या तर तंतोतंत बसतात. समरूप आकृत्यांचा आकार तोच, माप लहानमोठे. टपाल तिकिटांच्या एका पानावरची दोन तिकिटे एकरूप. गावाचा नकाशा आणि त्याची मोठी करून काढलेली प्रत समरूप.

मुले अडतात ती कसोट्यांत, कारण ‘बाकोबा’ (बाजू-कोन-बाजू) दोन्हीकडे आहे. एकरूपतेच्या बाकोबात दोन बाजू आणि त्यांमधला कोन जसाच्या तसा जुळावा लागतो. समरूपतेच्या बाकोबात कोन तोच, पण बाजू प्रमाणात असल्या की पुरे. आणखी एक गोष्ट वहीवर चौकटी काढून दाखवावी: समरूप त्रिकोणाच्या बाजू दुप्पट केल्या की क्षेत्रफळ दुप्पट नाही, चौपट होते. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की मूल ‘समरूप’ला ‘समान’ म्हणत नाही.

‘जणू’, ‘सारखा’, ‘म्हणजेच’ यांनी अलंकार कसा बदलतो?

आपल्या काव्यशास्त्राने साम्याचा जितका बारकाईने विचार केला आहे तितका क्वचितच कुठे झाला असेल. एकच दाढी घेऊ आणि तिच्यावर सगळे अलंकार चढवू.

‘आजोबांची दाढी कापसासारखी मऊ आहे.’ ही उपमा. दाढी उपमेय, कापूस उपमान, मऊपणा साधारण धर्म, ‘सारखी’ हा साम्यवाचक शब्द. ‘आजोबांची दाढी म्हणजे जणू वेचणीला आलेला कापूस.’ ही उत्प्रेक्षा. इथे साम्य सांगून थांबलो नाही, ती कापूसच असावी अशी कल्पना केली. ‘नातू आजोबांच्या दाढीच्या कापसात बोटे खुपसून बसला.’ हे रूपक. साम्याचा शब्दच गळाला, दोन्ही एक झाले. ‘ही दाढी नव्हे, कापूस आहे.’ ही अपन्हुती, खरे नाकारून खोटे मांडले. ‘दाढी कापसाहून मऊ.’ हा व्यतिरेक, उपमेयाने उपमानाला मागे टाकले. ‘ही दाढी की कापूस?’ हा ससंदेह. नातू खरोखर कापूस समजून ती वेचायला लागला तर भ्रांतिमान. आणि तुलनेला जगात दुसरे काहीच सापडेना, तर ‘आजोबांची दाढी आजोबांच्या दाढीसारखीच’. हा अनन्वय.

परीक्षेसाठी शब्द पाठ करतात: सम, समान, सारखा, परी, प्रमाणे, वाणी, सदृश, तुल्य दिसले की उपमा. जणू, जणूकाही, गमे, वाटे, भासे, की दिसले की उत्प्रेक्षा. ते ठीक आहे, पण वाक्यात खरेच तुलना आहे का ते आधी पाहा. ‘मला भूक लागली असे वाटते’ यात ‘वाटते’ आहे, उत्प्रेक्षा नाही. आणि ‘जणू वाघासारखा’ असे दुहेरी लिहू नका. ‘वाघासारखा’ किंवा ‘जणू वाघच’ पुरेसे आहे.

‘हुबेहूब’, ‘तंतोतंत’, ‘बरहुकूम’ हे एकच का?

‘हुबेहूब’ डोळ्यांसाठी: चित्र हुबेहूब, नक्कल हुबेहूब. ‘तंतोतंत’ पडताळून पाहण्यासाठी: जमाखर्च तंतोतंत जुळला, भाकीत तंतोतंत खरे ठरले. ‘बरहुकूम’ हा फारसीतून आलेला दफ्तराचा शब्द, म्हणजे हुकमाप्रमाणे. जुन्या दस्तांच्या नकलांवर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा आढळतो, तो याच परंपरेतला. शालेय व्याकरणात योग्यतावाचक शब्दयोगी अव्ययांच्या यादीत ‘सारखा, जोगा, सम, समान, प्रमाणे’ यांच्या रांगेत ‘बरहुकूम’ अजून बसलेला आहे, ही मला फार समाधानाची गोष्ट वाटते.

नोकरीच्या जाहिरातीत ‘समकक्ष’, ‘समतुल्य’, ‘तत्सम’ असे तिन्ही येतात. अर्थ एक का?

व्यवहारात पहिले दोन जवळजवळ एक: दहावी किंवा तिच्या तोडीची मान्य केलेली परीक्षा. ‘तत्सम’ सैल आहे, ‘त्यासारखे इतर’ एवढेच सांगतो. अर्ज भरताना ‘समकक्ष’ शब्द असेल तर तुमच्या प्रमाणपत्राला तशी मान्यता असल्याचा कागद लागतो. स्वतःला वाटून उपयोग नाही.

‘संबंधित’, ‘निगडित’, ‘संलग्न’, ‘आनुषंगिक’ यांतला कोणता कधी?

‘संबंधित’ सर्वांत सैल. ‘संबंधितांवर कारवाई करण्यात येईल’ या वाक्यात तो इतका सैल होतो की नेमके कोणावर ते कळतच नाही. शक्य तिथे पद किंवा काम लिहा.

‘निगडित’मध्ये बांधलेपणा आहे, एक हलले की दुसरे हलते. वर सांगितलेल्या दुष्काळाच्या सवलतींत ‘शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती’ असे शब्द असतात. तिथे ‘संबंधित’ घातला असता तर कोणते कर्ज यावरून वाद झाले असते. ‘संलग्न’ औपचारिक जोडणीसाठी: महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न असते. ‘आनुषंगिक’ म्हणजे मुख्य गोष्टीच्या ओघाने येणारे: लग्नाचा खर्च आणि आनुषंगिक खर्च.

‘लागेबांधे’ आणि ‘साटेलोटे’ हेही संबंधच, पण त्यांत संशय आहे. साटेलोटे मुळात दोन घरांनी एकमेकांच्या मुली सुना म्हणून करण्याची रीत. आज तो शब्द ठेकेदार आणि पुढाऱ्यांच्या बातमीतच जास्त दिसतो.

सारखे दिसणे आणि नात्यात असणे यांत फरक का करावा?

कारण कधी कधी जिवाशी गाठ असते. मण्यार हा अत्यंत विषारी साप. कवड्या हा बिनविषारी साप, अंगावर तसेच पांढरे पट्टे, म्हणून लोक त्याला मण्यार समजून मारतात. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे पुसट होतात. कवड्याचे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरळ होत जातात. हे दोन साप सारखे दिसतात, पण एका कुळातले नाहीत. मण्यारीचा खरा नातलग नाग आहे, जो तिच्यासारखा अजिबात दिसत नाही. घोणस आणि डुरक्या घोणस यांचे तर नावही जुळते. पहिली विषारी, दुसरी बिनविषारी, कुळे वेगळी. (पट्टे मोजायला जवळ जाऊ नका. शंका असली की लांब थांबा आणि सर्पमित्राला बोलवा.)

लेखनातही हा भेद पाळावा. ‘साम्य’ दिसण्यातले, ‘साधर्म्य’ गुणधर्मातले, ‘नाते’ उगमातले. मराठी आणि कोंकणी या भगिनी भाषा आहेत, त्यांचे नाते आहे. मराठी आणि कन्नड यांनी एकमेकींना शब्द दिले, शेजाराने त्यांत साम्य आले, पण त्यांची कुळे वेगळी.

चुलत, मावस, आते, मामे: एवढे शब्द कशाला? ‘कझिन’ने भागत नाही का?

नाही भागत. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी आत्याच्या मुलाचे लग्न चालत आले आहे, पण चुलत आणि मावस भावंडे सख्ख्यासारखीच मानली जातात. चारही नात्यांना एकच शब्द असता तर हा भेद सांगताच आला नसता. इरावती कर्व्यांनी भारतातल्या नातेव्यवस्थांचा अभ्यास करताना हीच गोष्ट प्रांताप्रांतांत तपासली. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात ‘सपिंड’, म्हणजे लग्नाला मनाई असलेल्या जवळच्या नात्याची मर्यादा आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्यांची आहे, पण रूढी असेल तर तिला मुभा दिली आहे.

‘सगा’ रक्ताचा, ‘सोयरा’ लग्नाने जोडलेला. हा जुना जोडशब्द २६ जानेवारी २०२४ रोजी थेट शासनाच्या मसुदा अधिसूचनेत आला. कुणबी जातप्रमाणपत्राच्या संदर्भात ‘सगेसोयरे’ म्हणजे कोण, त्यात वडील, आजोबा, पणजोबा आणि आधीच्या पिढ्यांत सजातीय विवाहांतून जुळलेली नाती कशी धरायची, अशी व्याख्या त्यात मांडली गेली. ओवीत आणि लग्नपत्रिकेत वावरणाऱ्या शब्दावर गावोगाव वकिली चर्चा झाली.

मूल कुणासारखे दिसते हे सांगायचे खास शब्द कोणते?

तोंडावळा, चण, ठेवण, वळण. ‘तोंडावळा आईचा, चण आजीची.’ ‘हा अगदी मामावर गेलाय.’ ‘नाक बापाचं घेतलंय.’ पुसट साम्याला ‘झाक’: ‘हसताना काकूची झाक मारते.’ हे शब्द बारशाच्या घरात अजून जिवंत आहेत, ते लिहिण्यातही यावेत.

म्हणींपैकी कोणत्या जपून वापराव्यात?

‘एका माळेचे मणी’ आणि ‘चोर चोर मावसभाऊ’ निंदेच्या आहेत. गुणी विद्यार्थ्यांना ‘एका माळेचे मणी’ म्हणू नका. ‘खाण तशी माती’ दोन्ही बाजूंनी चालते. ‘घरोघरी मातीच्या चुली’ आणि ‘पळसाला पाने तीनच’ यांत निंदा नाही, सगळीकडे तीच गत एवढेच आहे.

समता, समानता, साम्य?

‘समानता’ दर्जाची आणि कायद्याची. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे. ‘समता’ हे मूल्य, त्यात चळवळीचा इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या काळात १९२८ साली निघालेल्या पाक्षिकाचे नावच ‘समता’. ‘साम्य’ फक्त सारखेपणा. ‘स्त्री-पुरुष साम्य’ लिहिले तर वाचक दोघांच्या चेहऱ्यांचा विचार करील.

‘सारखा’ जोडून लिहायचा की तोडून?

नामाला किंवा सर्वनामाला लागला की जोडून: आईसारखी, तुझ्यासारखा, फुलासारखे. ‘आई सारखी रागावते’ तोडून लिहिले की अर्थ ‘आई सतत रागावते’. ‘आईसारखी रागावते’ म्हणजे रागावणारी दुसरीच कुणी आहे. एका रिकाम्या जागेने माणूस बदलतो.

‘वानी’, ‘गत’ असे बोलीतले शब्द लिहिण्यात चालतील का?

नक्की चालतील, जिथे तो माणूस बोलतो आहे तिथे. विदर्भात ‘माह्यावानी’, देशावर ‘जनावरागत राबला’, मालवणीत ‘तेच्यासारखो’, गोव्यातल्या कोंकणीत ‘तुजे भशेन’. ‘वाणी’ तर उपमेच्या पाठ्यपुस्तकी यादीतही आहे, म्हणजे तो अशुद्ध कधीच नव्हता. ‘गत’मध्ये एक जास्तीची छटा आहे, तो बहुधा हालअपेष्टांच्या सोबत येतो: कुत्र्यागत हाकलला, गुरागत मारला. तिथे ‘प्रमाणे’ घातला की वाक्य शुद्ध होते आणि मार लागत नाही.